सोप्या डोंगरावरची जादा ११० मिनिटं

हिशेबाप्रमाणे ५ वाजून २० मिनिटांनी आम्ही पायथ्याशी असायला हवे होतो. शेवटचा माणूस खाली पोचला तेव्हा ७ वाजून १० मिनिटं झाली होती आणि झाडीत काळोख पडला होता. कुणी पडलं नाही, कुणी हरवलं नाही, मदतीला कुणाला बोलवावं लागलं नाही. मामांच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना चौघांनी कठड्याला घट्ट धरलं, एवढंच. मोठ्या अपघाताची चिरफाड सगळेच करतात. थोडक्यात निभावलेल्या गोष्टीच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, म्हणून हे प्रकरण उलगडून बघते आहे.

माणसं सहा. मी, माझा नवरा, मामा (वय ६७), मामी, मावसबहीण आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. हिशेब मीच केला होता, हे आधीच सांगून टाकते.

वाट अशी. एका बाजूचं अंतर २.६ किलोमीटर, चढ ३१० मीटर. सुरुवातीचे १.३ किलोमीटर झाडीतून, त्यात ९० मीटर चढ. मग झाडी संपते आणि डोंगराची उघडी सोंड, म्हणजे पुढे आलेली निमुळती धार, लागते, तिच्यावरून ८०० मीटर चालायचं आणि ८० मीटर चढायचं. सोंड मुख्य डोंगराला भिडते तिथे थोडी सपाटी आहे, तिला इथे खांदा म्हणते. खांद्यापासून माथा अर्धाच किलोमीटर, पण तेवढ्यात १४० मीटर चढ. जमीन घट्ट मुरमाड, वर बारीक खडी पसरलेली. थोडक्यात, घसारा. हात टेकावे लागत नाहीत, कड्यालगत कुठे चालावं लागत नाही, वाट मळलेली आहे. हिला सोपी म्हणायला माझी आजही हरकत नाही.

एवढ्याशा डोंगरावरून एवढं मोठं दृश्य कसं दिसतं, याचं उत्तर शाळेतल्या गणितात आहे. पलीकडच्या मैदानापासून हा माथा साधारण ४०० मीटर उंच. डोळ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्यायचं आणि ३.५७ ने गुणायचं, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे ७१ किलोमीटर. सपाटीवर उभ्या माणसाला जेमतेम साडेचार किलोमीटरवरचं क्षितिज दिसतं. गंमत अशी की उंची चौपट केली तरी क्षितिज दुप्पटच लांब जातं. पहिल्या काहीशे मीटरमध्ये नजरेला जे मिळतं, ते पुढच्या हजार मीटरमध्ये त्या मानाने थोडंच वाढतं. म्हणून छोटे डोंगर दृश्याच्या बाबतीत फार उदार असतात. अट एकच, माथा उघडा हवा. झाडं नकोत, शेजारी उंच भिंत नको.

पण नजरेला जिथे आडोसा नाही, तिथे वाऱ्यालाही नाही. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

वेळेच्या हिशेबाला मी जुना नियम घेतला. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: तासाला ३ मैल चाल आणि दर २००० फूट चढाईमागे एक तास जादा. आजच्या मापात तासाला साधारण ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास. आमच्या वाटेला लावला की चढायला ६२ मिनिटं, उतरायला ३१. मी एक तास आणि अर्धा तास धरले, माथ्यावर २० मिनिटं ठेवली. सुरुवात साडेतीनला, सूर्यास्त ६ वाजून १० मिनिटांनी. म्हणजे पाऊण तासाहून जास्त वेळ हाताशी. कागदावर सगळं इतकं ऐसपैस दिसत होतं, की बॅटऱ्या घ्यायच्या का, हा प्रश्नसुद्धा कुणी काढला नाही.

सकाळ सोडून दुपार निवडली ती उन्हासाठी. ऊन डोक्यावर असलं की दूरचे डोंगर पुठ्ठ्यातून कापल्यासारखे चपटे दिसतात. ते कलायला लागलं की घळीघळीत सावली भरते आणि तेच डोंगर उठून दिसतात. माथ्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसायचं आणि हे बघायचं, असा बेत होता. वाट चढते मात्र डोंगराच्या पूर्व अंगाने. ही दोन वाक्यं मी एकापुढे एक ठेवून बघितली असती, तर पुढचं बरंच टळलं असतं.

प्रत्यक्षात चालायला सुरुवात झाली ३.५० ला. कुणाची बाटली गाडीत राहिली, कुणाचा बूट चावत होता, मुलाला ऐन वेळी लघवी लागली. सहा माणसांची वीस मिनिटं अशीच जातात. आता मी ती हिशेबातच धरते.

झाडीत आणि सोंडेवर सगळे मजेत. खांद्यावर आलो तेव्हा ४.३५ झाले होते आणि ऊन माथ्याच्या कडेवरून जेमतेम डोकावत होतं. घसाऱ्याचा चढ सगळ्यांत नीटपणे चढले ते मामा. लहान लहान पावलं, न बोलता, मध्ये न बसता. मुलगा वीस पावलं पळायचा आणि बसायचा. माझा नवरा दोनदा थांबला. माथ्यावर पोचलो ५.०५ ला. मामांना बघून मला वाटलं, यांची काळजी करायचं कारण नाही. इथे माझा अंदाज सपशेल चुकला. चढण दमाची परीक्षा घेते, उतार मांडीची. एका परीक्षेतल्या गुणांवरून दुसरीचा निकाल सांगता येत नाही.

माथ्यावर काय होतं, ते तिथे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आधी दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग ओळखीची ठिकाणं शोधणं सुरू होतं. ते चकाकतंय ते पाणी आहे की पत्र्याचं छप्पर, आपण आलो तो रस्ता कुठला, गाडी दिसते का. (गाडी कधीच दिसत नाही.) ओळीने रचलेले डोंगर, जवळचा गर्द, त्यामागचा राखी, त्यामागचा निळा, आणि मग आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही. मधल्या हवेने विखुरलेला प्रकाश दूरच्या डोंगरावर पातळ पडद्यासारखा साचतो. अंतर वाढेल तसा पडदा जाड होतो आणि निळसर दिसतो. नकाशावर ताडून बघितलं तर आम्हाला ओळखता आलेला शेवटचा डोंगर २८ किलोमीटरवर होता. गणितातल्या ७१ किलोमीटरपैकी पुढचे सगळे धुरकट हवेने गिळले होते.

मी ‘चला, निघू या’ असं पहिल्यांदा म्हटलं ५.२५ ला. बहीण म्हणाली, पाचच मिनिटं, ऊन आत्ता कुठे छान पडतंय. खरंच छान पडत होतं. दुसऱ्यांदा म्हटलं ५.४० ला, तेव्हा माझ्याच आवाजात जोर नव्हता. निघालो ५.५० ला. वीस मिनिटांची पंचेचाळीस झाली.

त्या पंचेचाळीस मिनिटांत तीन गोष्टी झाल्या आणि त्यांतली एकही कुणाच्या लक्षात आली नाही. एक, आम्ही गारठलो. पायथ्याशी १२ अंश होते. ३१० मीटर वर आल्याने फक्त दोनेक अंशांचा फरक पडतो, पण वारा डोंगराच्या धारेवरून जाताना दाबला जाऊन वेग घेतो. १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या त्वचेला ते ७ अंशांसारखं लागतं, आणि आमचे सदरे घामाने ओले होते. चढून तापलेल्या मांड्या तासाभराच्या आत आखडल्या. दोन, मामांनी पायाला बरं वाटावं म्हणून बुटांच्या नाड्या सैल केल्या. तीन, आम्ही सगळे मावळतीच्या उजेडाकडे तोंड करून बसलो होतो, आणि परत जायचं होतं ते डोंगराच्या पाठीमागच्या, कधीच सावलीत गेलेल्या बाजूने.

या तिसऱ्या गोष्टीपाशी थोडं थांबायला हवं. पंचांगात किंवा फोनवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. खांद्यावरून माथ्याकडे बघितलं तर मान साधारण २० अंश वर करावी लागते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तोही बहुतेक ठिकाणी तिरका खाली जातो. म्हणजे सूर्य माथ्याआड गेला, की खऱ्या सूर्यास्ताला किमान सव्वा तास उरलेला असतो. आमच्या वाटेचा सूर्यास्त ६.१० ला नव्हताच, तो पाच वाजायच्या आत होऊन गेला होता. त्यात उजेडाला सरावलेले डोळे अंधाराला पुरते रुळायला वीस ते तीस मिनिटं घेतात. आम्ही घसाऱ्यावर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा आकाश लख्ख होतं आणि पायाखालची खडी करड्यावर करडी.

पहिल्या वळणावर मामांचा डावा पाय सरकला. पडले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी शरीर मागे रेललं, आणि तिथून सगळं बिनसलं. उतारावर मागे रेललं की भार टाचेवर येतो आणि टाच खडीवर चाकासारखी फिरते. वजन पावलांच्या बरोबर वर हवं, गुडघे किंचित वाकलेले हवेत, पावलं लहान हवीत. पण घाबरलेलं शरीर नेमकं उलट करतं, आणि ‘मामा, पुढे झुका’ असं ओरडून सांगितलं तर आणखी ताठरतं. मी त्यांच्या पुढे जाऊन, अर्ध वळण घेऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“दम लागलाय का मामा? बसायचं का?”

“दम नाही गं. गुडघा ऐकत नाहीये. मी सांगतो एक, तो करतो भलतंच.”

हे त्यांनी हसत सांगितलं, पण खांद्यावरचा हात थरथरत होता. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. शरीराचा भार तोलून धरत ताणला जातो. आकुंचन पावणं हे स्नायूचं नेहमीचं काम. ताणलं जात असताना जोर लावणं त्याला जड जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ती प्रसिद्ध दुखणी त्यातूनच येते. थकलेला स्नायू ब्रेक सोडायला लागला, की तो भार गुडघ्याने सोसायचा. शिवाय सैल नाड्यांमुळे प्रत्येक पावलाला त्यांचं पाऊल बुटात पुढे घसरून अंगठा टोकावर आपटत होता. हे त्यांनी खाली जाईपर्यंत सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तो अर्धा किलोमीटर उतरायला ४० मिनिटं लागली. खांद्यावर ६.३०, सोंड संपली ६.४४ ला, आणि झाडीत शिरल्यावर फोनच्या बॅटऱ्या. सहा माणसांत चार फोन, त्यांतल्या एकाची चार्जिंग संपत आलेली. हातात फोन धरला की तो हात तोल सांभाळायला उरत नाही. मुलगा मात्र खूश होता, त्याला हे अंधारातलं चालणं हाच दिवसातला सगळ्यात भारी भाग वाटला.

घरी आल्यावर जो निष्कर्ष निघाला तो अपेक्षितच होता. मामांना न्यायलाच नको होतं. नवरा स्पष्ट म्हणाला, बाकीच्यांनी मान डोलावली, आणि खुद्द मामांनीही ते मान्य केलं. मला तो पटेना, म्हणून आकडे लिहून काढले.

जादा गेलेली ११० मिनिटं अशी: उशिरा सुरुवात २०, चढण १५, माथा २५, उतरण ५०. उतरणीच्या ५० मध्ये मामांचा गुडघा आहेच, नाही कोण म्हणतं. पण आधीची साठ मिनिटं नसती, तर मामा त्या घसाऱ्यावर ४.५० ला असते. सावली तेव्हाही असती, पण उजेड भरपूर असता, अंग तापलेलं असतं, आणि त्यांना तेच ४० मिनिटं लागली असती तरी आम्ही साडेपाचला खांद्यावर असतो. त्या साठांतली पंचवीस मिनिटं आम्ही सहाही जणांनी मिळून, राजीखुशीने, दृश्य बघण्यात घालवली होती. त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावला नाही. गुडघ्याला लावला.

चूक नियमाचीही नव्हती. नेस्मिथने उतारासाठी वेगळा वेळ धरलाच नव्हता. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी पुढे त्यात भर घातली, की १२ अंशांपेक्षा तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवा. आमच्या १४० मीटरला ती पाचेक मिनिटं होतात. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टॉब्लर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं सूत्र सांगतं, की माणूस सर्वांत झपाझप चालतो तो शेकडा पाच इतक्या सौम्य उतारावर, तासाला ६ किलोमीटर, आणि त्याहून उतार वाढला की वेग पडत जातो. त्या सूत्राने आमचा घसारा ११ मिनिटांचा येतो. ११ आणि ४०. ही सूत्रं एका धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाची आहेत. सहा जणांच्या मेळ्याचा वेग त्यातल्या सर्वांत सावकाश माणसाचा असतो, आणि तो माणूस चढताना एक असतो, उतरताना दुसराच. आमच्याकडे चढताना तो मुलगा होता.

आणि मी सरासरी घेतली, हा माझा खास गाढवपणा. ३१० मीटर भागिले २६०० मीटर म्हणजे शेकडा बाराचा चढ, दिसायला निरुपद्रवी. त्याच्या पोटात शेकडा अठ्ठावीसचा अर्धा किलोमीटर लपलेला होता.

दीड महिन्याने पुन्हा गेलो. मामा नको नको म्हणत होते. मी म्हटलं, माथा नको, खांद्यापर्यंत चला. खांदा मैदानापासून २६० मीटर उंच, म्हणजे तिथून क्षितिज साडेसत्तावन्न किलोमीटरवर. कागदावर १४ किलोमीटर गमावले खरे, पण पहिल्या खेपेला २८ च्या पुढचं काही दिसलंच नव्हतं. खरा तोटा एकच, पश्चिम माथ्याआड जाते. मावळतीचा सूर्य बघायला मिळणार नव्हता. मामांना तो सौदा चालला.

सूर्यास्त ६.२५ ला होता. ३.१५ ला चालायला लागलो, म्हणजे ठरवलं होतं पावणेतीन, पण वीसच्या जागी तीस मिनिटं गेली. प्रत्येकाच्या कपाळाला हेडटॉर्च, पाठपिशवीत वाऱ्याचं जाकीट आणि कोरडा सदरा. खांद्यावर मामा, मामी आणि मुलगा थांबले. आम्ही तिघं वर गेलो, आणि ‘५.१५ ला जसं असेल तसं उठायचं’ हे खालीच ठरलं होतं. ५.१५ ला ऊन अर्थातच ऐन रंगात होतं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे. नाड्या आवळल्या आणि उठलो. घसारा उजेडात २० मिनिटांत उतरून ५.३५ ला खांद्यावर आलो.

तिथे मुलगा उभा राहून खाली बोट दाखवत होता. आमची पाठ मावळतीकडे, समोर पूर्वेचं मैदान, आणि मैदानाच्या अलीकडच्या कडेवर डोंगराची सावली नुकती पोचली होती. आम्ही बसून ती बघत राहिलो. सूर्य जसा उतरत गेला तशी ती पसरत गेली. एक शेत, मग दुसरं, मग रस्ता, रस्त्यावरून जाणारी एक गाडी उन्हातून सावलीत आणि पुन्हा उन्हात. सहा वाजता तिचं टोक मैदानात दीड-दोन किलोमीटर आत गेलं होतं, आणि सावली नीट त्रिकोणी दिसत होती.

“पण आजोबा, वरती तर डोंगर सपाट आहे ना? मग सावली टोकदार कशी?”

“अरे, रेल्वेचे रूळ लांब गेले की एकत्र येतात ना, तसं,” मामा म्हणाले. “सावली लांब गेली की तिच्या दोन्ही कडा जवळ आल्यासारख्या दिसतात. तुझी पण येईल, थोडी लांब पडू दे.”

मुलगा हात वर करून स्वतःची सावली शोधायला लागला. ती कुठेच नव्हती, कारण आम्ही सगळे डोंगराच्या सावलीतच बसलो होतो. हे त्याला मामींनी सांगितलं.

६.१० ला उठलो. मामांनी खाली वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या, आणि झाडीत शिरताना टॉर्च लावून पुढे झाले. पायथ्याला पोचलो ६.५५ ला, पहिल्या खेपेपेक्षा जेमतेम १५ मिनिटं आधी. या वेळी कागदावर ७ लिहिले होते.